एका वाक्यापुरता श्वास

बापूंचा आवाज आधी यायचा आणि माणूस मागून. कारखान्याच्या गेटवर कुणाचा तरी उद्धार सुरू झाला की आम्ही वजनकाट्याच्या केबिनमध्ये ओळखायचो, स्वारी आली. मग चहाचे कप बाजूला व्हायचे, त्यांच्या खुर्चीवर ठेवलेली पिशवी कुणीतरी झटकन उचलायचं आणि बापू दारात उभे राहून विचारायचे, "काय रं, समदे शांत हायेत ना?" हे विचारतानाही ते ओरडतच असायचे.

असा हा माणूस आम्हाला योगासनं शिकवायचा. हसा खुशाल, मीही हसले होते.

गेल्या वर्षी बापू गेले. कारखान्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा फोटो आला, खाली सगळ्यांचे जोडलेले हात. फोटो गळीत सुरू होतानाच्या कुठल्या तरी पूजेतला होता आणि त्यातही ते फोटो काढणाऱ्यावरच डाफरत होते. मी नगरला घरी स्वयंपाकघरात उभी. गॅसवरचं दूध उतू गेलं तरी फोनकडेच बघत राहिले. ज्या माणसाने इतका छळ मांडला त्याच्यासाठी एवढं रडू का यावं? येतं बाई, काय करणार. कारखाना सोडून मला बरीच वर्षं झाली. पण एखाद्या दिवशी डोकं फुटायची वेळ आली की मी अजून खिडकीशी उभी राहते, हात वर ताणते, आणि कानात बापू खेकसतात, "मॅडम, ऊस करा, ऊस! वाळल्या कडब्यागत काय उभ्या ऱ्हाता!"

ऊस म्हणजे ताडासन. संस्कृत नावांवर त्यांचा राग होता. तसा तो कशावर नव्हता म्हणा! "ताड पाह्यलाय का हितं कुनी? आं? मंग? ऊस समद्यांनी पाह्यलाय. टाच उचल, हात वर, शेंड्यापत्तुर ताठ. झाला ऊस." गुडघे मुडपून कपाळ जमिनीला टेकवायचं ते बालासन, त्याला त्यांनी ढेप हे नाव दिलं होतं. गुळाची ढेप. आणि शवासन हा शब्द तर त्यांनी केबिनमध्ये काढूच दिला नाही. "सकाळच्या पारी मढ्याचं नाव घेता व्हय? पाचट म्हना. ऊस तुटून गेला का मागं रानात कसं निवांत पडतं, तसं पडायचं." एवढी तीनच आसनं आणि त्यांच्याबरोबर सावकाश श्वास घ्यायचा, त्याहून सावकाश सोडायचा. बापूंचा सगळा योग तेवढाच. चौथं आसन शिकायला त्यांनी साफ नकार दिला. "तीनात भागतंय तर चौथं कशाला? प्रदर्शन मांडायचंय?"

आमचा साखर कारखाना देवळाली प्रवराच्या अंगाला. नाव सांगत नाही, लोक लगेच फोन करतात. मी रोज नगरहून एसटीने यायचे-जायचे, आणि काट्यावर कॉम्प्युटरशी बसायचे. उसाची गाडी काट्यावर आली की वजन घ्यायचं, पावती द्यायची, गाडी पुढे. ऐकायला सोपं. गळीत सुरू झालं की गाडीतळावर ट्रॅक्टर, ट्रक आणि बैलगाड्या यांची ही रांग लागायची. पाथर्डीकडची, बीडकडची तोडणीची माणसं पहाटेपासून रानात राबून आलेली असायची. भुकेली, झोप नसलेली. त्यात कुणी रांगेत मध्ये घुसला की संपलं. शिव्या, धक्काबुक्की, आणि शेवटी सगळे आमच्या खिडकीवर. या सगळ्या गाडीतळाचे आणि काट्याचे मुख्य म्हणजे बापू.

मी तोंडाळ आहे. माझी आई म्हणायची, हिच्या जिभेला सुट्टीच नाही. पण पहिल्याच सिझनला एका दुपारी ती जीभ टाळूला चिकटली. एका ट्रॅक्टरवाल्याला वजन कमी लागलंय असं वाटलं आणि तो दहा-बारा जणांना घेऊन खिडकीवर आला. एकाने जाळीवर हात आपटला. मला काही सुचेना. श्वास वरच्या वर, बोटं की-बोर्डवर भलतेच आकडे दाबत होती. तेवढ्यात बापू आले. बाहेर त्यांनी काय काय शब्द वापरले ते मी लिहिणार नाही, पण खिडकी मोकळी झाली. ट्रॅक्टर परत काट्यावर घेऊन सगळ्यांसमोर पुन्हा वजन केलं, तेवढंच भरलं. मग आत येऊन माझ्याकडे न बघता म्हणाले, "नाकानं घे. हळू. आता सोड. घाई न्हाई, गाड्या थांबतील." आणि खुर्ची उलटी करून माझ्याकडे पाठ करून बसले. मला रडायचं होतं हे त्यांना कळलं होतं. मी मनसोक्त रडले. रडून झाल्यावर म्हणाले, "झालं? मंग पावत्या फाडा, मॅडम." पोरी म्हणाले की खूश, मॅडम म्हणाले की कामाला लागायचं, हे मला तेव्हापासून कळायला लागलं.

हे योगाचं वेड त्यांच्या डोक्यात शिरलं त्याला मी साक्षीदार आहे. मी जूनमध्ये कामावर लागले आणि लागल्या लागल्या योगदिन आला. वरून फर्मान होतं, सगळ्या स्टाफने कँटीनच्या हॉलमध्ये सतरंजीवर हजर राहायचं. शाळेतल्या एक तरुण बाई शिकवायला आल्या होत्या. बापू सगळ्यात मागे उभे, कपाळाला आठ्या, आणि प्रत्येक सूचनेला पुटपुटत उत्तर. बाई म्हणाल्या, हात वर करा. बापू म्हणाले, "कशाला, शरन आलोय का?" मला हसू आवरेना. शेवटी शवासन आलं. सगळे आडवे झाले, हॉल शांत झाला, आणि थोड्या वेळाने मागून घोरणं सुरू झालं. असं घोरणं की सतरंजी हलत असेल. बाईंनी कार्यक्रम संपवला, चहा झाला, पोहे झाले, बापू झोपलेलेच. मग आमचा शिपाई त्यांना उठवायला गेला. भीत भीतच गेला. बापूंनी डोळे उघडले, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पोहे राह्यले का रं बाबा?"

बाबा! शिपाई पार घाबरला.

त्या दिवशी दुपारपर्यंत बापू कुणावर ओरडले नाहीत. लोक त्यांना विचारायला लागले, बरं आहे ना? संध्याकाळी माझ्या टेबलापाशी येऊन ते हळूच म्हणाले, "पोरी, आज दुपारपत्तुर मला कुनाचाच राग आला न्हाई. त्याचा बी न्हाई."

'तो' म्हणजे कोण हे मला तेव्हा माहीत नव्हतं. बाकी सगळ्यांना होतं. बापूंचा राग तसा साऱ्या जगावर होता, पण खरा राग एकाच माणसावर. सख्खा धाकटा भाऊ. वडिलांच्या मागे वाटणी झाली, दोघांची रानं शेजारी शेजारी, मध्ये बांध. धाकट्याने नांगरताना बांध कोरला, म्हणजे बापूंचं म्हणणं असं. धाकट्याचं म्हणणं, आधी दादाने कोरला. कुणी आधी कोरला हे बहुतेक त्या बांधालाच ठाऊक. त्यावरून एकदा भर गावात हमरीतुमरी झाली आणि मग बोलणं बंद. एका गावात, एका आळीत राहून वर्षानुवर्षं दोघांनी एकमेकांना हाक मारली नाही. एकाच्या घरी पाहुणे आले की दुसरा मागच्या वाटेने जायचा.

आणि त्याच वर्षी दिवाळीनंतर बापूंच्या मुलीचं लग्न ठरलं.

मुलगी एकुलती एक. आवाज बापाचा, हट्टही बापाचा. तिला लहानपणी शाळेत पोचवायला तिचा काका जायचा, सायकलवर पुढे दांडीला टॉवेल गुंडाळून तिला बसवायचा. साखरपुड्याच्या दिवशी तिने सगळ्यांसमोर सांगितलं, "काका मांडवात नसला तर मी बोहल्यावर चढायची नाय." बापू ओरडले. ती त्यांच्याहून मोठ्यानं ओरडली. दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये ते एकच पावती पुन्हा पुन्हा उलटीसुलटी करत होते. मी विचारलं, तर म्हणाले, "ती न्हाई चढनार. न्हाई म्हंजे न्हाई. माझीच हाय ना."

मग बापूंनी पत्रिका घेऊन भावाच्या घरी जायचं ठरवलं. तेवढंच करायचं होतं. आमच्याकडे रीतच आहे, घरच्या माणसाला नुसता निरोप धाडून चालत नाही. दारात जाऊन हळदीकुंकू लावायचं, अक्षता द्यायच्या आणि तोंडाने म्हणायचं, लग्नाला या. बापूंना धाकट्या भावाला सांगायचं होतं, लग्नाला ये. दोन शब्द. पण ते दोन शब्द ओरडल्याशिवाय म्हणायचे होते, आणि तिथेच घोडं अडलं होतं.

म्हणून हा योग. तब्येतीसाठी वगैरे नाही. डॉक्टरांनी ब्लडप्रेशरच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या ते विसरायचे. पण ऊस, ढेप, पाचट रोज. केबिनच्या मागे उसाच्या चिपाडाचा ढीग असायचा, त्याच्या आडोशाला पोतं अंथरून. मोबाईलवर एका बाईंचा व्हिडिओ लावायचे. त्या बाई गोड आवाजात हिंदीत सांगायच्या, धीरे धीरे साँस लीजिए. आणि बापू त्यांना उत्तर द्यायचे, "घेतोय की! जरा दम धर ना, घाई कशाला करती!" बाई म्हणायच्या, चेहरे पर मुस्कान रखिए. बापू म्हणायचे, "तू ये हितं काट्यावर, मंग बघू तुझी मुस्कान." आम्ही खिडकीतून ऐकायचो आणि ओढणीत तोंड खुपसून हसायचो.

मग त्यांनी आम्हालाही धरलं. जेवणाच्या सुट्टीनंतर रोज सगळा काटा-स्टाफ केबिनबाहेर उभा. मी म्हटलं, बापू, मी ख्रिश्चन, मला ते ओम बिम नको, घरी आई कुरकुर करील. बापू म्हणाले, "ओम कुनी मागितला? तुमी हूं म्हना. देव ज्याचा त्याचा आसतो, दम समद्यांचा सारखाच." मी हूं म्हणायला लागले. पहिल्या आठवड्यात लाज वाटली. दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की संध्याकाळी एसटीत बसल्यावर माझी मान दुखत नाहीये. बापूंना सांगितलं तर त्यांनी असं बघितलं जणू तो शोध त्यांनीच लावला होता.

पहिला प्रयत्न साखरपुड्यानंतर महिन्याभरात झाला. बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी कामावर आले तेव्हा घसा बसलेला. त्यांना सांगितल्याशिवाय राहवेना. "वाक्य पाठ करून गेल्तो, पोरी. आळीच्या तोंडाला नीट हुतं. दारात बी नीट हुतं. मंग त्याच्या ओट्यावर माझं फावडं दिसलं. माझ्या दांड्याचं फावडं! 'लग्नाला' म्हनलो, आन पुढं 'ये'च्या जागी 'चोरा' आलं."

"आणि काकू?"

"त्या दोघी जावा आमच्या आधीच सुरू झाल्या हुत्या."

दुसरा प्रयत्न संक्रांतीला. तिळगूळ घेऊन. बापूंचा हिशेब असा की सणाचा दिवस, गोड बोला म्हणायचाच दिवस, कोण कशाला भांडेल? त्या आठवड्यात ते दिवसभर श्वास सोडत बसले होते. धाकट्याने तिळगूळ हातात घेतला, बघितला आणि कोंबड्यांपुढे टाकला. "कोंबड्यांना, पोरी! सक्क्या भावाचा तिळगूळ!" मग काय झालं ते विचारायची गरज नव्हती, त्या दिवशी त्यांचा घसा फक्त बसला नव्हता, पार गेलाच होता. काट्यावर दोन दिवस ते खुणा करून शिव्या देत होते.

पण माणूस हार मानेना. उलट पोरीच्या लग्नाची तारीख जवळ येत गेली तसा त्यांचा योग वाढत गेला. त्यांना वाटायला लागलं, गाडीतळ शांत करता आला तर भाऊही जमेल. आणि एका दुपारी त्यांनी तोही प्रयोग केला.

कारखान्यात काहीतरी बिघडलं होतं, गाळप बंद होतं. गाड्या तशाच उभ्या. बऱ्याच वेळाने गाळप पुन्हा सुरू होणार म्हणून बैलगाडीवाल्यांनी बैल जुंपून गाड्या रांगेत आणल्या, आणि नेमकं परत काहीतरी अडलं. ऊन तापलेलं. पुढच्या गाडीवाल्याची आणि मागच्याची जुंपली. एकाने चाबूक उगारला. मी खिडकीतून बघत होते. गाडीवाल्यांना हाका मारायला केबिनमध्ये माईक असायचा. बापूंनी तो हिसकावला. मला वाटलं आता शिव्यांचा भडिमार होणार. बापूंनी दोनदा श्वास घेतला. मग सगळ्या गाडीतळावर भोंग्यातून आवाज घुमला: "समद्यांनी ऐका! हानामारी नंतर करा. आधी दम घ्या. नाकानं घ्या... आन आता ओठाचा चंबू करून सोडा. हळूऽऽ. गरम दूध फुंकता ना, तसं."

आणि काय सांगू, लोकांनी केलं. आधी दोघा-चौघांनी गंमत म्हणून, मग सगळ्यांनीच. गाडीवर उसाच्या मोळ्यांवर बसलेल्या बायकांनीसुद्धा. ओठांचा चंबू करून सगळा तळ एका दमात फुंकायला लागला. आता ओठांचा चंबू करून हळू फुंकलं की काय होतं? बारीक शीळ वाजते. आणि बैलांना पाणी पाजताना माणूस काय करतो? अशीच बारीक शीळ घालतो. सकाळपासून ताटकळलेल्या, तहानलेल्या त्या बैलांनी चारी बाजूंनी शीळ ऐकली. एका जोडीने कान टवकारले आणि रांग सोडून निघाली हौदाकडे. तिच्यामागे दुसरी. मग सगळ्याच. उसाने भरलेल्या गाड्या डुलत डुलत हौदाच्या दिशेला, वर बसलेल्या बाया ओरडतायत, "आवं धरा की, धरा!" आणि गाडीवाले कासरा ओढत "हो हो" करत मागे धावतायत. पहिलीचं चाक दुसरीच्या सांगाड्यात अडकलं. ज्याने चाबूक उगारला होता तो आणि ज्याच्यावर उगारला होता तो, दोघं मिळून एकच चाक सोडवायला लागले होते. कुणीतरी हसलं. मग सगळा तळ हसायला लागला, इतका की त्यातल्या एकाने पोट धरून खाली बसकण मारली. भांडण कुठल्या कुठे गेलं.

बापू माईक हातात घेऊन तसेच उभे. "हसू नका रं भा..." म्हणाले, आणि मग त्यांनाही फुटलं. बापूंना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. वरच्या साहेबांनी त्यांना बोलावून झापलं, माईकला हात लावायचा नाही म्हणून. पण नंतर रांगेत कुणाचा आवाज चढला की गाडीवालेच एकमेकांना म्हणायचे, "फुंक, फुंक. बापू येईल."

सिझन संपला, गाळप थांबून कारखान्याचा पट्टा पडला. तोडणीची माणसं आपापल्या गावी गेली. बापूंच्या मुलीचं लग्न आठवड्यावर आलं आणि काका अजून यायचा होताच. मांडवाच्या मेढी रोवून झाल्या होत्या. मुलगी रोज एकच विचारायची, काका येणार का? बापू उठून बाहेर जायचे. काकूंनी, म्हणजे बापूंच्या बायकोने, मला फोन केला. "मॅडम, तुमी जाता का संगट? मी गेले तर पुन्हा जावेशी माझंच सुरू व्हईल. आन परक्या बाईमानसापुढं ह्यांच्या शिव्या जरा आवरत्यात." मी म्हटलं, येते. खरं तर आमच्यासमोर त्यांच्या शिव्या कधीच आवरल्या नव्हत्या, पण ते त्यांना कशाला सांगा.

गेले. काकूंनी ताट तयार ठेवलं होतं. हळदीकुंकू, अक्षता, नारळ, पत्रिका. माझ्या हातात देताना जरा घुटमळल्या. "तुमाला चालंल ना वं?" मी म्हटलं, "लावायचं दुसऱ्याच्या कपाळाला, मला काय होतंय?" बापू पांढरा शर्ट, पांढरी टोपी घालून तयार. वाटभर नुसता श्वास घ्यायचे, सोडायचे. धाकट्याच्या घरी जाऊबाई दारात आल्या. मी कुंकू लावलं, त्यांनी लावून घेतलं. बापूंकडे न बघता म्हणाल्या, "रानात हायेत ते."

म्हणून आम्ही रानात गेलो. चैत्राचं ऊन. बांधावर आलो आणि बापू थांबले. बांधाच्या कडेची माती ताजी होती. ओली, काळी, फाळाची रेघ स्पष्ट दिसणारी.

"बघ," बापू म्हणाले. "कालचं हाय. माझ्या पोरीचं लगीन, आन ह्यानं काल बांध कोरला."

त्यांचा चेहरा लाल होत गेला. कानाच्या पाळ्यासुद्धा.  मला वाटलं, गेला, हाही दिवस गेला. मांडव, पोरगी, बोहलं, सगळं डोळ्यांपुढे आलं. बापूंनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, भीती होती. एवढा मोठा माणूस स्वतःच्या तोंडाला भीत होता.

"पोरी, लई आलाय," ते म्हणाले. "थांब जरा."

त्यांनी टाचा उचलल्या, हात वर ताणले. राग उतरला नाही. त्यांनी बांधावरच गुडघे मुडपून कपाळ मातीला टेकवलं, त्याच कोरलेल्या मातीला. तरी उतरला नाही, खांदे हलतच होते. मग ते उताणे झाले. हात दोन बाजूंना टाकले, पाय सैल सोडले, डोळे मिटले. टोपी पडून बाजूला गेली. मी बाभळीच्या सावलीत सरकले आणि ताट हातात धरून वाट बघत उभी राहिले. हळूहळू त्यांचा चेहरा निवत गेला. अंग अजिबात हलेना. लांबून कुणी बघितलं तर त्याला काय वाटेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

धाकटा उसातून बाहेर आला, खांद्यावर फावडं. त्याने आधी मला बघितलं. मग ताट, कुंकू. मग बांधावर पडलेला पांढरा शर्ट.

फावडं कुठे पडलं त्याला कळलं नाही. "दादाऽऽ!" असा ओरडत तो नांगरटीतून धावत सुटला. ढेकळांना अडखळून पडला, उठला, परत धावला. तो शब्द त्या तोंडातून कितीतरी वर्षांत निघाला नव्हता. मला सांगायचं होतं, अहो, काही नाही, आसन आहे ते. पण तोंडच उघडेना. मी, जिच्या जिभेला सुट्टी नाही, ती मी तिथे मुकी झाले.

त्याने बापूंचं डोकं मांडीवर घेतलं. गाल थोपटायला लागला. "दादा, ए दादा, काय झालं रं? ऊठ की. ऊठ ना, दादा. बोल की माझ्याशी. शिव्या दे. बांध घे तुला, समदा घे, मी न्हाई कोरनार, ऊठ ना रं..." तो रडत होता. नाक, डोळे, सगळं वाहत होतं, पुसायची शुद्ध नव्हती.

बापू जागे होते. मला दिसत होतं ते. गळ्याची गाठ खाली-वर झाली. मिटल्या डोळ्यांच्या कडेने पाणी निघून कानाकडे चाललं होतं. पण त्यांनी डोळे उघडले नाहीत. मला वाटतं, त्यांना ती हाक आणखी थोडा वेळ ऐकायची होती. छाती सावकाश वर आली, सावकाश खाली गेली. आणि मी तोवर त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेल्या मऊ आवाजात ते म्हणाले,

"लग्नाला ये."

धाकटा थिजला. मग त्याला उलगडा झाला. त्याने बापूंचं डोकं मांडीवरून ढकलून दिलं. "हरामखोरा! नाटकं करतो व्हय? जीव गेल्ता माझा! थूत् तुझ्या..." आणि असा काही तोंडपट्टा सुरू झाला की बाभळीवरचे पक्षी उडाले. आवाज अगदी बापूंचा. तेच शब्द, तोच चढ. मध्येच हुंदका यायचा, तो गिळून पुन्हा शिवी. बापू पडून ऐकत होते. एका शब्दाने उलटले नाहीत. तो थकला तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि पुन्हा म्हणाले, "ये ना, बाळा. पोरगी वाट बघती."

धाकट्याने बाहीने तोंड पुसलं. 

"यीन," तो म्हणाला. "पन बांध माझाच हाय."

मी ताट घट्ट धरलं. बापूंचं तोंड उघडलं. आता येणार, मला माहीत होतं, आता सगळं येणार. ते तसेच, उघड्या तोंडाने, एकदा श्वास घेऊन सावकाश सोडत राहिले. मग उठून बसायला त्यांनी भावापुढे हात केला, आणि त्याने तो धरल्यावर म्हणाले, "बरं."

बापूंच्या तोंडून 'बरं' मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, आणि त्यानंतरही नाही.